सी मधून सर्किट: एचएलएस टूलचा पाया म्हणून एलएलव्हीएम घ्यावं, सर्क्ट घ्यावं की कॅलिक्स?

टेरी टॉवेलच्या मागावर कॅमेरा बसवून तुटलेला धागा, सुटलेला पिक (आडवा धागा), कापडावरचा तेलाचा डाग पकडायचा असेल तर एफपीजीए, म्हणजे हवं तसं सर्किट भरता येणारी चिप, हे नेमकं हत्यार आहे. फिल्टर एकच असेल तर व्हेरिलॉग (सर्किट लिहायची भाषा) हातानं लिहावं आणि मोकळं व्हावं. पण आज टॉवेल, उद्या चादर, परवा जकार्डची किनार आणि दर वेळी फिल्टर नवा, असं असेल तर सी मधल्या लूपमधून सर्किट काढणारं स्वतःचं छोटं टूल बांधावंसं वाटतं. यालाच हाय-लेव्हल सिंथेसिस, थोडक्यात एचएलएस म्हणतात. असं टूल शून्यातून कुणी बांधत नाही. तयार कंपायलरच्या चौकटीवर आपला थर चढवायचा असतो. एलएलव्हीएम, सर्क्ट आणि कॅलिक्स या अशाच तयार चौकटी. त्यांतली कोणती घ्यावी, याचं हे परीक्षण. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागाचं इलेक्ट्रॉनिक्स करणारे दोन-तीन जणांचे गट आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला हा विषय घेणारी मुलं डोळ्यांसमोर ठेवली आहेत. वीस जणांची टीम असेल तर हिशेब वेगळा.

(टॉवेलची लूप वेगळी आणि प्रोग्रॅमची वेगळी. पुढे लूप म्हटलं की प्रोग्रॅमचीच.)

सगळ्या चौकटी तोलायला माप एकच घेऊ: ८ बिटांचा, १०२४ पिक्सेल रुंदीचा लाइन-स्कॅन कॅमेरा, ३×३ फिल्टर, १०० मेगाहर्ट्झ क्लॉक. चिप आर्टिक्स-७ मालिकेतली ३५टी, म्हणजे २०,८०० एलयूटी (तर्काचे छोटे तक्ते), ९० डीएसपी (गुणाकाराचे ब्लॉक) आणि ३६ किलोबिटचे ५० ब्लॉक रॅम (चिपवरची मेमरी).

सी मधली लूप जशीच्या तशी उतरवली तर दर पिक्सेलला ९ वाचनं लागतात. ब्लॉक रॅमला पोर्ट दोनच. नऊ भागिले दोन, वर पूर्णांक केला की ५. म्हणजे दर पिक्सेलला पाच क्लॉक, आणि सेकंदाला साधारण १९,५३१ ओळी. लाइन बफर, म्हणजे मागच्या ओळी साठवणारी छोटी मेमरी, वापरला तर दर क्लॉकला एक पिक्सेल, म्हणजे ९७,६५६ ओळी. पाचपट फरक.

आता तो लाइन बफर जवळून पाहा, कारण सगळं परीक्षण त्याच्याभोवतीच फिरणार आहे. मागच्या दोन ओळी साठवायच्या: २ × १०२४ × ८ = १६,३८४ बिट. १८ किलोबिटच्या अर्ध्या ब्लॉक रॅममध्ये त्या आरामात मावतात. पण दर पिक्सेलला दोन्ही ओळींतून वाचायचं आणि दोन्हींत लिहायचं, म्हणजे चार व्यवहार आणि पोर्ट पुन्हा दोनच. तोड अशी: दोन्ही ओळींतला एकाच स्तंभाचा पिक्सेल १६ बिटांच्या एका शब्दात शेजारी-शेजारी ठेवायचा आणि रॅम १०२४ × १८ अशा आकारात वापरायची. एका पोर्टनं शब्द वाचायचा. दुसऱ्यानं नवा पिक्सेल आणि मघाचा वरचा पिक्सेल असा जोडशब्द परत लिहायचा. झालं, एका क्लॉकला एक पिक्सेल.

ही मांडणी टूलला स्वतःहून सुचायची असेल तर दोन गोष्टी शेड्यूलिंगपर्यंत (कोणतं काम कितव्या क्लॉकला, हे ठरेपर्यंत) जिवंत राहायला हव्यात: ॲरे २ × १०२४ आहे ही माहिती, आणि लूप एकेक पावलानं सरकते ही माहिती. चौकट निवडताना पाहायचं ते हेच. पास (कोडवरून एकदा फिरून बदल करणारे टप्पे) किती आहेत, गिटहबवर तारे किती आहेत, हे नंतर.

एलएलव्हीएम

इलिनॉय विद्यापीठात २००० साली सुरू झालेलं हे काम आज निम्म्या जगाच्या कंपायलरांखाली आहे, आणि एचएलएसमध्ये त्याची परंपराही जुनी आहे. टोरोंटो विद्यापीठाचं लेगअप हे एचएलएस टूल यावरच उभं होतं. झायलिंक्सनं २०२१ मध्ये खुला केलेला व्हिटिस एचएलएसचा पुढचा भागही यावरच आहे. जमेच्या बाजू खऱ्या आहेत. क्लँग हा सी-कंपायलर सोबत असल्यामुळे सी आणि सी++ फुकट वाचून मिळतं. एसएसए रूपामुळे (प्रत्येक नावाला मूल्य एकदाच) फाय-नोड, म्हणजे दोन वाटांनी आलेल्या मूल्यांतली निवड, पाहिला की मल्टिप्लेक्सर दिसतो. पूर्णांकाची रुंदी कितीही चालते: १३ बिट, २० बिट, जे लागेल ते. सी-२३ मधला बिटइंट प्रकार क्लँगला येतो, त्यामुळे आपली टेम्प्लेट लायब्ररी लिहिण्याची कटकटही कमी झाली आहे. परवाना अपाची २.० आणि एलएलव्हीएमची सूट असा, म्हणजे टूल बंद ठेवून विकलं तरी अडचण नाही.

दुखणं पॉइंटरपाशी सुरू होतं. आवृत्ती १५ पासून, म्हणजे २०२२ पासून, पॉइंटर अपारदर्शक झाले. १७ मध्ये जुने टाइप्ड पॉइंटर काढूनच टाकले. सीपीयूसाठी हे उत्तम झालं. एचएलएससाठी मात्र टॉप (सगळ्यात बाहेरच्या) फंक्शनला आलेला ॲरे हा आता नुसता पत्ता आहे: आत ८ बिट आहेत की ३२, हजार आहेत की दहा, काही कळत नाही. लोकल ॲरे आणि ग्लोबल ॲरे यांच्या व्याख्येत प्रकार शिल्लक असतो, पत्ता मोजणाऱ्या जीईपी सूचनेतही एक प्रकार असतो; पण अलीकडच्या आवृत्त्यांत इन्स्ट-कंबाइन हा पास स्थिर अंतराच्या जीईपी सरळ बाइटच्या हिशेबात बदलून टाकतो. मग २ × १०२४ चं रूप बाइटच्या बेरजेतून परत शोधत बसा. त्यासाठी डीलिनिअरायझेशन नावाचं विश्लेषण आहे. ते सोप्या लूपवर चालतं, गुंतागुंतीच्या लूपवर गप्प बसतं.

यावर उपाय आहे, पण तो क्लँगमध्ये शिरून करावा लागतो. सी भाषेच्या नियमानं पॅरामीटरमधला ॲरे पॉइंटर होतो, तरी क्लँगच्या एएसटीमध्ये (वाक्यरचनेच्या झाडात) मूळ ॲरेचा प्रकार 'डिकेड टाइप' म्हणून जपलेला असतो. छोटं क्लँग प्लगिन लिहून टॉप फंक्शनच्या पॅरामीटरांची मापं वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवावीत आणि मागच्या पासला ती फाइल द्यावी. दिसायला ओबडधोबड, पण टिकाऊ.

दुसरं दुखणं म्हणजे सीपीयूच्या भल्यासाठी केलेल्या सुधारणा. नव्या माणसाला हमखास आडवी येणारी ही चार:

- ओ-झीरोनं (कुठलीही सुधारणा न करता) कंपाइल करून नंतर आपले पास चालवले आणि काहीच बदललं नाही. कारण ओ-झीरोला क्लँग प्रत्येक फंक्शनवर 'ऑप्टनन' असा शिक्का मारतो आणि पुढचे पास त्याला हात लावत नाहीत. ओ-वन द्यावं आणि एलएलव्हीएमचे पास बंद ठेवायला सांगावं. मग आपली यादी चालवावी.
- लाइन बफर शून्य करणारी साधी लूप गायब होऊन तिथे मेमसेट या सी लायब्ररीतल्या (लिबसी) फंक्शनचा कॉल आला. हे लूप-इडियम पासचं काम. एफपीजीएत लिबसी कुठून आणणार? तो पास बंद करा, बिल्ट-इन फंक्शनांनाही नकार द्या. तरीसुद्धा स्ट्रक्चर कॉपी करताना क्लँग स्वतःच मेमकॉपी घालतं, म्हणून मेमकॉपी-मेमसेट परत लूपमध्ये उलगडणारा एक पास आपल्याकडे असायलाच हवा.
- दहा बिटांत मावणारा काउंटर ६४ बिटांचा झाला. इंडव्हार्स पास लूपचा काउंटर यंत्राला सोयीच्या रुंदीचा करतो, आणि सोयीची रुंदी कोणती ते डेटा-लेआउटच्या ओळीवरून ठरतं. आपल्या टार्गेटच्या डेटा-लेआउटमधून ६४ बिटांची नेटिव्ह रुंदी काढून टाकली की हे थांबतं.
- ओ-टू सरसकट लावलं आणि व्हेक्टर सूचना आल्या, लूप आठपट उलगडली, स्विचचं लुकअप टेबल झालं. ओ-टू कधीच सरसकट लावू नये. मेम-टू-रेग, स्रोआ, इन्स्ट-कंबाइन, जीव्हीएन, सिम्प्लिफाय-सीएफजी अशी मोजकी यादी स्वतः मांडावी.

रुंदीचं एक उदाहरण घेऊ. ८ बिटांचा चिन्हरहित पिक्सेल गुणिले ८ बिटांचा चिन्हसहित गुणांक, म्हणजे १६ बिट. असे नऊ मिळवायचे तर आणखी ४, एकूण २० बिट पुरतात. सी मात्र सगळं ३२ बिटांच्या इंटमध्ये नेऊन ठेवतं. आठ बेरजा, प्रत्येकी १२ बिट फुकट, बिटामागे ढोबळ एक एलयूटी धरला तरी ९६ एलयूटी पाण्यात. उत्तर शेवटी ० ते २५५ मध्ये दाबून बसवत असाल तर 'कोणते बिट लागतात' या विश्लेषणाला काही कळत नाही, कारण तुलना करताना सगळेच बिट लागतात. तिथे मूल्याच्या कक्षेचं विश्लेषण हवं. सिंथेसिस टूल पुढे यातलं थोडं छाटतं, पण शेड्यूलरनं तोवर ३२ बिटांच्या बेरजेचा उशीर धरून जास्तीचा रजिस्टर घातलेला असतो. तो काही मागे फिरत नाही.

तिसरं, आवृत्तीचा रहाटगाडगा. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, आणि सी++ एपीआय स्थिर राहील असं वचन नाही. १३ मध्ये पास मॅनेजर बदलला, १५ ते १७ मध्ये पॉइंटर. व्हिटिसचा खुला भाग आवृत्ती ७ वर आहे आणि लोझानच्या डायनॅमॅटिक या एचएलएस टूलची पहिली आवृत्ती ६ वर होती, यामागे आळस नाही. ही धावपळ झेपत नाही म्हणून भलेभले एक आवृत्ती धरून बसतात. तुम्हीही बसा. फक्त टाइप्ड पॉइंटरसाठी १४ धरून बसण्याचा मोह होईल, तो टाळा: आज वाचलेले दोन महिने पुढे सहा महिन्यांनी परत घेतले जातील.

एमएलआयआर आणि सर्क्ट

एमएलआयआर, म्हणजे कंपायलरची अनेक पातळ्यांवरची मधली रूपं (आयआर) एकत्र ठेवणारी चौकट, गूगलनं २०१९ मध्ये खुलं केलं आणि त्याच वर्षअखेर ते एलएलव्हीएमच्या घरात आलं. सर्क्ट हे २०२० पासूनचं त्याचं हार्डवेअरचं भावंड. स्पेलिंग विचित्र असलं तरी उच्चार लोक 'सर्किट' असाच करतात. चिझल या हार्डवेअर भाषेचा मागचा भाग आता सर्क्टच्या फर्टूलवर चालतो, म्हणजे व्हेरिलॉग लिहिणारा शेवटचा टप्पा खऱ्या चिपांच्या कामात घासून निघालेला आहे. हा मोठा दिलासा. एचएलएसचा वरचा भाग मात्र अजून तेवढा घासलेला नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

आपला लाइन बफर इथे 'मेमरेफ' असतो: दोन गुणिले एक हजार चोवीस, आठ बिट, असं प्रकारातच लिहिलेलं. अफाइन डायलेक्टमध्ये (डायलेक्ट म्हणजे ऑपरेशनांचा एकेक संच; हा नियमित लूपांचा) लूपच्या मर्यादा आणि पायरी ऑपरेशनमध्येच दिसतात, आणि कोणतं वाचन कोणत्या लेखनावर किती फेऱ्यांनी अवलंबून आहे ते विचारता येतं. त्यामुळे दोन ओळी १६ बिटांच्या शब्दात जोडण्याचा पास लिहिणं म्हणजे मेमरेफचा प्रकार बदलणं आणि वाचन-लेखनाची जागा बदलणं, इतकंच. एलएलव्हीएमवर जे काम शोधाशोधीत जातं, ते इथे सरळ लिहिता येतं. आमचा कौल इथेच झुकतो.

अफाइनच्या बाहेर पडलात की ही सोय संपते. डागाचा हिस्टोग्रॅम काढायचा तर इंडेक्स डेटावर अवलंबून असतो. तो अफाइन नाही. तिथे एससीएफ (साध्या लूप आणि इफचा डायलेक्ट) आणि साधा मेमरेफ वापरावा लागतो, आणि अवलंबित्व तुम्हालाच सुरक्षित बाजूनं धरावं लागतं.

खाली उतरताना लागणारे डायलेक्ट थोडकेच: गणितासाठी कॉम्ब, रजिस्टर आणि मेमरीसाठी सेक, मॉड्यूलसाठी एचडब्ल्यू, कंट्रोलसाठी एफएसएम (स्टेट मशीन), शेवटी एसव्ही (सिस्टिमव्हेरिलॉग). सोलापुरात एफएसएम समजावायला जकार्डपेक्षा सोपं उदाहरण नाही: पंच केलेलं एक कार्ड म्हणजे एक स्टेट, त्यातली भोकं म्हणजे त्या पिकला कोणते हुक उचलायचे ते कंट्रोल सिग्नल, आणि शेड्यूलर म्हणजे कार्ड पंच करणारा कारागीर. फरक एवढाच की आपल्या कार्डांच्या माळेत पुढचं कार्ड डेटा पाहून बदलतं.

या उतरणीवरच्या ठेचा आधी माहीत असल्या तर आठवडे वाचतात. कॉम्बमध्ये साइन-एक्स्टेंड असं ऑपरेशनच नाही. वरचा बिट हवा तितक्या वेळा रेप्लिकेट करून कॉन्कॅट करायचा. अरिथ या वरच्या गणिताच्या डायलेक्टमधून उतरवताना हे विसरलं की ऋण गुणांक असलेला फिल्टर भलताच पांढरा येतो, आणि सगळे गुणांक धन असलेल्या चाचणीत ही चूक दिसतच नाही. 'इंडेक्स' प्रकाराची रुंदी तुम्ही ठरवायची असते. डोळे झाकून ३२ ठेवली तर प्रत्येक काउंटर ३२ बिटांचा होतो. १०२४ स्तंभांना १० बिट पुरतात, आणि शेवटची तुलना १०२४ शी करत असाल तर ११. शिफ्टची रक्कम रुंदीएवढी किंवा जास्त झाली तर अरिथमध्ये उत्तराची हमी नाही. व्हेरिलॉगमध्ये शून्य येतं, चिन्हसहित उजव्या शिफ्टला मात्र चिन्हाचाच बिट भरतो. सी चा जुना कोड अशा ठिकाणी योगायोगानं चालत आलेला असतो.

प्रॅग्मांचंही (कोडमधून टूलला दिलेल्या हुकमांचंही) असंच. 'ही लूप पाइपलाइन कर' हा हुकूम ऑपरेशनवर ॲट्रिब्यूट म्हणून लटकवणं सोपं आहे. पण रीराइट पॅटर्न जुनं ऑपरेशन काढून नवं घालतो तेव्हा लटकवलेलं ॲट्रिब्यूट निमूट गळून पडतं. एलएलव्हीएमचा लूप मेटाडेटाही याच रोगानं जातो, तेव्हा यात कुणी श्रेष्ठ नाही. प्रत्येक पासनंतर हुकूम मोजणारी दहा ओळींची तपासणी लावा. आकडा घटला की बिल्ड पाडा.

सर्क्टमधली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे शेड्यूलिंगची लायब्ररी. सायक्लिक, सामायिक ऑपरेटर, मोड्यूलो, चेनिंग असे प्रश्नांचे साचे तयार आहेत, आणि सिंप्लेक्सवर चालणारा शेड्यूलर सोबत आहे. तुम्ही ऑपरेशन, त्यांची लेटन्सी (किती क्लॉक लागतात ते) आणि अवलंबित्वं भरायची. लूपची फेरी किती क्लॉकला सुरू होऊ शकते, याची खालची मर्यादा दोन आकड्यांतली मोठी: एक साधनांची, जशी मघाची नऊ वाचनं आणि दोन पोर्ट यांतून आलेली ५, दुसरी परतीच्या अवलंबित्वाची. उजेडाची चालती बेरीज फ्लोटमध्ये ठेवली आणि फ्लोट बेरजेला ५ क्लॉक लागत असतील, तर दुनियेतला कुठलाही शेड्यूलर त्या लूपला ५ च्या खाली आणणार नाही. बेरीज पूर्णांकात घ्या, मर्यादा १ वर येते. असं असताना शेड्यूलर बदलण्यात आठवडा घालवणारे पुष्कळ असतात. टूलनं ही दोन्ही कारणं छापून दाखवावीत; वापरणाऱ्याला नुसता '५' हा आकडा काही शिकवत नाही.

चेनिंगमध्ये (एकाच क्लॉकमध्ये अनेक ऑपरेशनं ओळीनं बसवताना) मात्र आकडे चिपचे भरा. १०० मेगाहर्ट्झला क्लॉक १० नॅनोसेकंदांचा. त्यातले दोन-तीन वायरिंगसाठी राखून उरलेल्यात बेरजा बसवा. दहाच्या दहा भरून टाकल्या की शेड्यूल कागदावर सुंदर दिसतं आणि प्लेस-रूटनंतर (चिपवरच्या जागा आणि तारा ठरल्यावर) टायमिंग पडतं.

हँडशेक डायलेक्टची वाट वेगळी आहे: इथे वेळापत्रक आधी ठरत नाही, प्रत्येक तारेबरोबर व्हॅलिड आणि रेडी असे सिग्नल जातात आणि डेटा आला की काम होतं. हिस्टोग्रॅमसारख्या बेभरवशाच्या लूपला ही वाट छान. ३×३ फिल्टरला ती कशाला? नुसता क्षेत्रफळाचा भुर्दंड. तरी वापरायचीच असेल तर दोन गोष्टी विसरू नका. प्रत्येक मूल्याचा वापर नेमका एकदाच व्हायला लागतो, म्हणून फोर्क (मूल्याच्या प्रती काढणारा) आणि सिंक (न लागणारं मूल्य गिळणारा) घालणारा पास आधी चालवायचा. आणि चक्रात बफर घालायचे. नाही घातले तर एक तर कॉम्बिनेशनल लूप होते, नाही तर सर्किट गप्प उभं राहतं आणि वेव्हफॉर्ममध्ये सगळे रेडी एकमेकांची वाट पाहत बसलेले दिसतात.

उणीव मोठी आहे ती सी वाचण्याची. एमएलआयआरला स्वतःचा सी फ्रंटएंड (सी वाचणारा भाग) नाही. पॉलीजाइस्ट नावाचा फ्रंटएंड सी मधून थेट अफाइनपर्यंत आणतो, पण तो एलएलव्हीएमच्या एका कमिटला बांधलेला आणि सर्क्ट दुसऱ्या. दोघांमध्ये मजकूररूपात आयआर नेला की कधी तरी वाक्यरचना बदललेली निघते आणि पार्सर अडतो. जेनेरिक रूपात छापून नेला आणि डायलेक्ट मोजके ठेवले तर त्रास बराच कमी होतो. क्लँगआयआर (क्लँगचा एमएलआयआरवरचा आयआर) मुख्य एलएलव्हीएममध्ये टप्प्याटप्प्यानं येतंय. त्याच्यावर आजचं वेळापत्रक बांधू नका. छोट्या गटाला सी खरंच हवं का, हेही एकदा विचारा. फिल्टरचा आकार, गुणांक आणि रुंदी एवढंच बदलत असेल तर एमएलआयआरच्या पायथन बाइंडिंगमधून सरळ अफाइन लूप तयार करता येते. फ्रंटएंडचे तीन महिने तिथेच वाचतात.

कॅलिक्स

कॉर्नेलचं कॅलिक्स लहान, नीटनेटकं आणि रस्टमध्ये लिहिलेलं आहे, परवाना एमआयटी. कार्गोनं (रस्टच्या बिल्ड टूलनं) मिनिटांत बांधून होतं. प्रोग्रॅमचे तीन भाग: सेल म्हणजे सामान, वायर म्हणजे जोडणी, कंट्रोल म्हणजे क्रम; आणि क्रमात सेक, पार, इफ, व्हाइल. प्रत्येक गटाला गो आणि डन. चार महिन्यांच्या प्रोजेक्टला, जिथे आपली छोटी भाषा बनवून तिच्यातून सर्किट काढून दाखवायचं आहे, तिथे याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

मर्यादा दोन. लूप पाइपलाइन करण्याचं काम ते तुमच्यासाठी करत नाही. क्रम तुम्ही द्यायचा, एफएसएम ते बनवणार. स्टॅटिक गट वापरून वेळ नेमका बांधता येतो, पण हिशेब तुमचा. (सर्क्टमध्ये अफाइन लूपचं शेड्यूल काढून कॅलिक्सकडे उतरवणारी वाट आहे, दोन्ही जोडणाऱ्यांनी ती पाहावी.) दुसरी मर्यादा म्हणण्यापेक्षा सापळा: मेमरी दोन जातींच्या आहेत. कॉम्ब जातीची मेमरी त्याच क्लॉकला वाचून देते आणि उदाहरणांत ती सुटसुटीत दिसते. पण ब्लॉक रॅमचं वाचन एक क्लॉक उशिरा येतं, त्यामुळे सिंथेसिस टूल तिला ब्लॉक रॅममध्ये बसवूच शकत नाही. आपला १६,३८४ बिटांचा बफर मग एलयूटींत जातो: ६४ बिटांना एक धरला तरी किमान २५६, आणि वेगळा लेखन-पोर्ट हवा म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. सेक जातीची मेमरी घ्या आणि वाचनाला एक क्लॉक द्या.

बांबू आणि बाकीचे

मिलानच्या पॉलिटेक्निकचं बांबू हे चौकट कमी आणि तयार टूल जास्त. सी द्या, व्हेरिलॉग घ्या. पुढच्या बाजूला जीसीसी किंवा क्लँग प्लगिनमधून जोडलेलं. आपलं टूल किती मागे आहे ते मोजायला बांबू उत्तम पट्टी आहे, आणि त्याचं आउटपुट वाचून बरंच शिकायला मिळतं. पाया म्हणून घेताना परवाना पाहा: जीपीएल ३, म्हणजे त्यात आपला कोड मिसळून टूल वाटलं तर सोर्सही द्यावा लागेल. जीसीसीवर थेट प्लगिन लिहायचं म्हणाल तर तिथेही 'जीपीएलशी सुसंगत' असा सिम्बॉल जाहीर केल्याशिवाय जीसीसी प्लगिन उघडतच नाही, आणि प्लगिन त्याच आवृत्तीच्या जीसीसीसाठी बांधलेलं लागतं. नव्या कामाला ही वाट घेण्याचं कारण दिसत नाही. गूगलचं एक्सएलएस चांगलं आहे, पण त्याची स्वतःची भाषा, स्वतःचा आयआर आणि बेझल या बिल्ड टूलचा डोलारा घेऊन यावं लागतं. त्याच्या जगात राहणार असाल तरच.

कुणी काय घ्यावं

दोघातिघांचा गट, दोन वर्षं सांभाळायचं टूल, फिल्टर आणि स्ट्रीमची कामं: अफाइनपासून सर्क्टपर्यंत, शेड्यूलिंग त्याच्याच लायब्ररीनं, फ्रंटएंड पायथनमधून. ग्राहकाचा जुना सी कोड जसाच्या तसा घ्यायचाच असेल तर एलएलव्हीएम, एक आवृत्ती गोठवून आणि मापांचं क्लँग प्लगिन पहिल्याच आठवड्यात लिहून. एका सेमिस्टरचा प्रोजेक्ट: कॅलिक्स. तुलनेला बांबू सगळ्यांनीच बसवून ठेवावं.

तपासणीला व्हेरिलेटर हा सिम्युलेटर पुरतो: तोच सी कोड एका बाजूला, सर्किट दुसऱ्या बाजूला, रँडम पिक्सेल, आणि अधूनमधून रेडी मुद्दाम खाली ओढायचा. न ओढता पास झालेलं सर्किट मागावर पहिल्याच अडथळ्याला पिक्सेल गाळतं. व्हेरिलेटर मूल्यं शून्य-एक इतकीच धरतो, म्हणून रिसेट न झालेली मेमरी लपू शकते. सुरुवातीची मूल्यं रँडम देण्याचा पर्याय चालू ठेवा. यॉसिस या सिंथेसिस टूलला व्हेरिलॉग देणार असाल तर सर्क्टच्या एक्स्पोर्टला पॅक्ड ॲरे आणि लोकल व्हेरिएबल वापरू नको असं सांगा, नाही तर पार्सर मधेच थांबेल.

बांधणीचं

नुसतं पाहायचं असेल तर सर्क्टच्या तयार बायनरी उतरवून घ्याव्यात. स्वतः बांधणार असाल तर रिलीज बिल्ड आणि असर्शन (कोडमधल्या आतल्या तपासण्या) चालू, हाच मेळ. असर्शनशिवाय एमएलआयआरवर काम करणं म्हणजे अंधारात सुई ओवणं. टार्गेट फक्त होस्टचं, प्रोजेक्ट फक्त एमएलआयआर, लिंकर एलएलडी, सोबत सीकॅश. पूर्ण डिबग बिल्डला डिस्क पंधरा-वीस जीबी लागते आणि एकेक लिंक काही जीबी रॅम खाते. १६ जीबीच्या मशीनवर समांतर लिंकची संख्या २ वर बांधून टाका, नाही तर मशीन स्वॅपमध्ये जाऊन गोठतं. सर्क्टसोबत आलेलाच एलएलव्हीएमचा सबमॉड्यूल वापरा, उबुंटूचा नको. दोन्हींची सरमिसळ झाली की लिंकच्या वेळी न सापडणाऱ्या सिम्बॉलांची पानंच्या पानं येतात. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर असतो, तेव्हा लॅपटॉपवर सगळे कोर लावून बिल्ड टाकलं तर प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. जॉब निम्मे ठेवले तर वेळ फारसा वाढत नाही. बिल्डच्या मध्येच वीज गेली तर निन्जा हे बिल्ड टूल उरलेल्या कामापासून पुढे चालू करतं. अर्धवट लिहिलेली एखादी ऑब्जेक्ट फाइल लिंकला अडली तर तेवढी एक पुसावी, सगळं बिल्ड फोल्डर नाही.